विश्लेषण : मृत्यूचे कारण वंश की वस्ती? घरोघरी फिरून उत्तर शोधणारे डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस कोण होते?

एखाद्या समाजात बालमृत्यू जास्त असतील, क्षयरोग जास्त असेल, कमाई कमी असेल, तर दोष कोणाचा? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील अनेक विद्वानांचे उत्तर ठरलेले होते : दोष त्या लोकांच्या वंशाचा. १८९६ मध्ये २८ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय संशोधकाने फिलाडेल्फियातील एका वस्तीत बिऱ्हाड थाटले आणि हे उत्तर दारोदार जाऊन तपासले. लोकसंख्या, आरोग्य, कुटुंब आणि उत्पन्न यांचा एकत्र अभ्यास आज जगभरातील विद्यापीठांत होतो. त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या प्रयोगांपैकी हा एक. पण ज्या विद्यापीठाने हे काम करवून घेतले, त्याने या संशोधकाला नोकरी दिली नाही. पुढे त्यांच्या एका अभ्यासाचा अहवाल तर सरकारी खात्यातच नष्ट झाला.

डुबॉइस यांची जडणघडण कशी झाली?

विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डुबॉइस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन या छोट्या गावात झाला. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षे झाली होती. ते तान्हे असतानाच वडील घर सोडून गेले. आई मेरी यांनी त्यांना वाढवले. शालेय शिक्षण संपले आणि थोड्याच काळात, १८८५ मध्ये आईचेही निधन झाले.

गावातील हुशार मुलगा म्हणून चर्चमधील मंडळींनी वर्गणी काढून त्यांना टेनेसीतील फिस्क विद्यापीठात पाठवले. उत्तरेकडे वाढलेल्या डुबॉइस यांनी दक्षिणेतील उघड वर्णभेद इथे प्रथम जवळून पाहिला. सुट्टीत ते खेड्यातील शाळांत शिकवायला जात. जमीन दुसऱ्याची, कर्ज डोक्यावर आणि घरात खाणारी तोंडे अनेक, अशी कुटुंबे त्यांनी तिथे पाहिली.

पुढे हार्वर्डमध्ये त्यांनी पुन्हा पदवी घेतली, कारण फिस्कची पदवी हार्वर्डला पुरेशी वाटत नव्हती. १८९२ ते १८९४ या काळात ते बर्लिन विद्यापीठात होते. तिथे गुस्ताव्ह श्मोलर या अर्थशास्त्रज्ञाकडून त्यांनी एक शिस्त उचलली : आधी माहिती गोळा करायची, सिद्धांत नंतर मांडायचा. शिष्यवृत्तीची मुदत वाढवून न मिळाल्याने बर्लिनची डॉक्टरेट राहून गेली. मात्र १८९५ मध्ये हार्वर्डची पीएचडी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले.

फिलाडेल्फियाचे काम त्यांच्याकडे कसे आले?

फिलाडेल्फियात तेव्हा सुमारे ४० हजार कृष्णवर्णीय राहत होते. शहरातील गुन्हेगारी, दारिद्र्य आणि राजकीय भ्रष्टाचार यांचे मूळ या वस्तीत आहे, असा तिथल्या सुखवस्तू सुधारकांचा समज होता. या वस्तीचा शास्त्रीय अभ्यास व्हावा, असे ठरले आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यासाठी डुबॉइस यांना बोलावले.

नेमणूक सुमारे वर्षभराची, पगार ९०० डॉलर. पद होते समाजशास्त्रातील साहाय्यकाचे. शिकवायला वर्ग नाही, विद्यार्थ्यांशी संबंध नाही. अध्यापकांच्या यादीत नावही नाही. निष्कर्ष आधीच काढून ठेवलेला आहे आणि आपल्याकडून त्यावर फक्त शिक्का हवा आहे, याची डुबॉइस यांना कल्पना होती. तरीही त्यांनी काम स्वीकारले. नुकतेच लग्न झालेल्या नीना यांच्यासह ते शहराच्या सातव्या वॉर्डात, लोम्बार्ड स्ट्रीटवरील एका खोलीत राहायला गेले.

सर्वेक्षण कसे केले?

ऑगस्ट १८९६ मध्ये काम सुरू झाले आणि मधला काही काळ वगळता १८९७ अखेरपर्यंत चालले. सातव्या वॉर्डात ९,६७५ कृष्णवर्णीय राहत होते. डुबॉइस यांनी सुमारे अडीच हजार घरांना स्वतः भेट दिली. सोबत गणकांची फौज नव्हती. इसाबेल ईटन या संशोधिकेने घरकामगारांचा स्वतंत्र अभ्यास केला. बाकी बहुतेक काम एकट्या डुबॉइस यांचे होते.

त्यांनी सहा प्रकारच्या प्रश्नावल्या तयार केल्या होत्या. एक कुटुंबासाठी, एक प्रत्येक व्यक्तीसाठी, एक घरासाठी, एक गल्लीसाठी, एक संस्थांसाठी आणि एक मालकाच्या घरी राहणाऱ्या नोकरांसाठी. वय, जन्मस्थळ, शिक्षण, काम, कमाई, आजारपण, खोल्या, भाडे, पोटभाडेकरू अशी सगळी माहिती त्यांत येई. एका घरात दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ जाई. बहुतेक वेळा उत्तरे घरातील बाई देत.

लोकांनी त्यांचे स्वागत केले, असे नव्हे. आपल्याला प्राणिसंग्रहालयातील जनावरांसारखे तपासले जाते आहे, ही भावना वस्तीत होती आणि डुबॉइस यांनी तिची दखल घेतली. उत्तरे चुकू शकतात, वय नीट सांगितले जात नाही, काही गोष्टी लपवल्या जातात, आणि संशोधकाचे स्वतःचे पूर्वग्रहही आकड्यांत शिरतात, हे त्यांनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच मान्य केले.

गोळा केलेली माहिती त्यांनी नकाशावर उतरवली. प्रत्येक घराला तिथल्या कुटुंबाच्या स्थितीनुसार रंग दिला. सुस्थितीतील मध्यमवर्ग, कष्टकरी, गरीब आणि गुन्हेगारीच्या कडेला असलेले, असे चार गट. नकाशा पाहणाऱ्याला एक गोष्ट लगेच दिसे : ज्याला बाहेरचे लोक एकच काळी वस्ती समजत होते, तिच्यात चार वेगवेगळे थर शेजारी शेजारी राहत होते.

मृत्युदराचा वाद काय होता?

१८९६ मध्येच फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीतील संख्याशास्त्रज्ञाचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. कृष्णवर्णीयांचा मृत्युदर जास्त आहे, त्याचे कारण त्यांच्या वंशातच आहे आणि हा वंश हळूहळू नामशेष होईल, असा त्याचा दावा होता. पुस्तकात तक्ते भरपूर असल्याने तो शास्त्रीय वाटे. कृष्णवर्णीयांना विमा नाकारायलाही अशा मांडणीचा आधार मिळे.

डुबॉइस यांनी आकडे नाकारले नाहीत. फिलाडेल्फियात १८८४ ते १८९० या काळात गौरवर्णीयांचा मृत्युदर दर हजारी सुमारे २३ होता, तर कृष्णवर्णीयांचा सुमारे ३१. फरक खरा होता. मग त्यांनी हाच आकडा वॉर्डनिहाय फोडला. पाचव्या वॉर्डात, म्हणजे शहरातील सर्वांत घाणेरड्या आणि दाटीच्या भागात, कृष्णवर्णीयांचा मृत्युदर दर हजारी ४८ च्या पुढे होता. तिसाव्या वॉर्डात, जिथे घरे चांगली आणि रस्ते स्वच्छ होते, तो सुमारे २२ होता. म्हणजे शहरातील गौरवर्णीयांच्या सरासरीहूनही किंचित कमी. शहर एकच, वंश एकच. बदलला होता फक्त पत्ता.

दुसरी तुलना त्यांनी युरोपशी केली. हंगेरी, ऑस्ट्रिया आणि इटली या देशांचा त्याआधीच्या दोन दशकांतील सरासरी मृत्युदर फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीयांपेक्षा जास्त होता. तिथे मरणारे गौरवर्णीय होते आणि ते नामशेष होतील, असे कोणी म्हणत नव्हते.

मृत्यूमागची परिस्थितीही त्यांनी मोजली होती. सातव्या वॉर्डातील २,४४१ कुटुंबांपैकी केवळ ३३४ कुटुंबांना स्नानगृह आणि शौचालयाची सोय होती. सुमारे एक तृतीयांश कुटुंबे एकाच खोलीत राहत. हवा न खेळणाऱ्या खोलीत एकाला क्षय झाला, की तो घरभर पसरणे अवघड नव्हते.

कुटुंब आणि कमाईचा संबंध कसा दाखवला?

कृष्णवर्णीयांची कुटुंबे मोडकी असतात, हा आणखी एक आवडता आरोप. डुबॉइस यांनी त्याची साखळी उलगडून दाखवली. शहरात कृष्णवर्णीय पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक होत्या, कारण घरकामासाठी बायकांना मागणी होती आणि पुरुषांना कारखान्यांत प्रवेश नव्हता. कामगार संघटना त्यांना सदस्य करून घेत नसत. हातात कसब असलेला सुतार किंवा छपाई कामगारही शेवटी हमाल, वाढपी किंवा नोकर होई.

पुरुषाचा पगार तुटपुंजा, म्हणून लग्ने उशिरा होत. लग्न झाले तरी बायको दुसऱ्याच्या घरी राबे आणि स्वतःची मुले दिवसभर एकटी राहत. वर्णभेदामुळे घर निवडायला वाव नसे, म्हणून भाडे जास्त मोजावे लागे. ते परवडण्यासाठी पोटभाडेकरू ठेवावे लागत. मग त्याच घराकडे बोट दाखवून या लोकांना घरपण कळत नाही, असे म्हटले जाई. मजुरी, घर, आरोग्य आणि कुटुंब हे चार वेगळे प्रश्न नसून एकमेकांत अडकलेले आहेत, ही या अभ्यासाची मुख्य मांडणी होती. १८९९ मध्ये तो ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ या नावाने ग्रंथरूपात आला.

विद्यापीठाने पुढे काय केले?

काहीच नाही. काम संपले आणि नेमणूकही संपली. १८९७ मध्ये डुबॉइस दक्षिणेत, कृष्णवर्णीयांसाठीच्या अ‍ॅटलांटा विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे त्यांनी मोठी योजना आखली. दरवर्षी एक विषय घ्यायचा, दहा वर्षांत दहा विषय पूर्ण करायचे, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. असे शंभर वर्षे चालवायचे. एकाच समाजाची दशकागणिक किती प्रगती झाली, हे मोजण्याचा विचार त्या काळात फारसा कोणी केला नव्हता.

पैसा अगदी थोडा होता. पदवीधर माजी विद्यार्थी आपापल्या गावांतून माहिती पाठवत. त्यातून व्यवसाय, शाळा, कारागीर आणि चर्च यांवरचे अहवाल निघाले. १९०६ चा अहवाल आरोग्य आणि शरीरप्रकृतीवर होता, १९०८ चा कुटुंबावर.

१९०० मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डुबॉइस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाताने रंगवलेले सुमारे ६० तक्ते मांडले. जमिनीची मालकी, साक्षरता, व्यवसाय, लोकसंख्या हे सारे सर्पिल रेषा आणि ठळक रंगीत पट्ट्यांत दाखवले होते. त्यांना सुवर्णपदक मिळाले. आज माहिती चित्ररूपात मांडण्याचे शास्त्र शिकवताना हे तक्ते आवर्जून दाखवले जातात.

मग ते संशोधनाकडून आंदोलनाकडे का वळले?

लोक अज्ञानामुळे अन्याय करतात, त्यांच्यासमोर सत्य ठेवले की ते बदलतील, अशी डुबॉइस यांची सुरुवातीची धारणा होती. १८९९ या एकाच वर्षात तिला दोन तडे गेले.

त्या एप्रिलमध्ये अ‍ॅटलांटाजवळच्या न्यूनान गावी सॅम होज या कृष्णवर्णीय शेतमजुराला जमावाने हालहाल करून जिवंत जाळले. डुबॉइस वस्तुस्थिती मांडणारे एक संयत पत्र घेऊन स्थानिक वृत्तपत्राच्या कचेरीकडे निघाले होते. होजच्या बोटांची हाडे पुढच्याच एका किराणा दुकानात मांडून ठेवली आहेत, असे त्यांना वाटेत कळले. ते तिथूनच माघारी फिरले. माणसे अशी मारली जात असताना शांत, तटस्थ शास्त्रज्ञ राहता येत नाही, हे त्या दिवशी आपल्याला उमगले, असे त्यांनी पुढे नमूद केले.

महिनाभरातच, मे महिन्यात, त्यांचा पहिला मुलगा बर्गहार्ट घटसर्पाने गेला. तो दीड वर्षाचा होता. ज्या बालमृत्यूंचे तक्ते ते मांडत होते, त्यांत आता त्यांच्या घरातील नोंद होती. जॉर्जियाच्या मातीत मुलाला पुरायला आई-वडिलांचे मन धजावले नाही. त्यांनी त्याला उत्तरेकडे, ग्रेट बॅरिंग्टनला नेले. १९०३ मध्ये आलेल्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकात या मुलावर एक प्रकरण आहे.

तिसरा धक्का सरकारी होता. १९०६ मध्ये अमेरिकेच्या श्रम खात्यासाठी त्यांनी अलाबामातील लाउंड्स काउंटीचा अभ्यास केला. जमीन कोणाची, कसणारा कोण, कर्ज किती, कुटुंबाची स्थिती काय, मतदानाचे काय, असा तो सखोल पाहणी अहवाल होता. खात्याने तो छापला नाही. विषय राजकीय आहे, असे कारण पुढे आले. काही काळाने विचारणा केली, तेव्हा हस्तलिखित नष्ट झाल्याचे कळले. त्याची दुसरी प्रत नव्हती.

पुढील आयुष्य कसे गेले?

१९१० मध्ये डुबॉइस अ‍ॅटलांटा सोडून न्यूयॉर्कला गेले. आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘एनएएसीपी’ या नागरी हक्क संघटनेत त्यांनी प्रसिद्धी आणि संशोधनाची जबाबदारी घेतली. तिचे ‘द क्रायसिस’ हे मासिक त्यांनी सुरू केले आणि १९३४ पर्यंत संपादित केले. पहिल्या महायुद्धानंतर त्याचा खप एक लाखावर गेला. झुंडबळींची आकडेवारी त्यात नियमितपणे छापली जाई. मोजण्याची सवय सुटली नव्हती, ती आता लढ्याच्या कामी आली होती.

१९५१ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, शांतता चळवळीतील कामावरून त्यांच्यावर परकी हस्तक असल्याचा खटला भरला गेला. न्यायालयात तो टिकला नाही, पण त्यांचा पासपोर्ट १९५८ पर्यंत अडवून ठेवण्यात आला. १९६१ मध्ये घानाचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांच्या निमंत्रणावरून ते आफ्रिकेचा ज्ञानकोश तयार करण्यासाठी अक्राला गेले. तिथेच २७ ऑगस्ट १९६३ रोजी, ९५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्युथर किंग यांच्या ऐतिहासिक सभेसाठी लोटलेल्या जनसमुदायाला ही बातमी मंचावरून देण्यात आली.

महाराष्ट्राशी संबंध काय?

अमेरिकेतील गुलामांची मुक्ती आणि महाराष्ट्रातील जातिविरोधी विचार यांचे नाते जुने आहे. महात्मा जोतिराव फुले यांनी १८७३ मध्ये आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा त्याच शहरातून डुबॉइस ‘द क्रायसिस’ काढत होते.

१९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी डुबॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकी कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. भारतातील अस्पृश्यांची स्थिती आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची स्थिती यांतील साम्याकडेही त्यांनी लक्ष वेधले होते. त्याच जुलैच्या अखेरीस डुबॉइस यांचे उत्तर आले. आपण आंबेडकरांचे नाव जाणतो, अस्पृश्यांच्या प्रश्नाविषयी आपल्याला पूर्ण सहानुभूती आहे आणि शक्य ती मदत करू, असा त्याचा आशय होता. पुढील वर्षी, १९४७ मध्ये, एनएएसीपीने संयुक्त राष्ट्रांपुढे स्वतःचे निवेदन ठेवले. त्याचे संपादन डुबॉइस यांनीच केले होते.

त्यांच्या कामावर टीका कोणती होते?

फिलाडेल्फियाच्या अभ्यासात वस्तीतील सर्वांत खालच्या थराविषयीची भाषा कठोर आहे. आळस, नीतिमत्ता आणि जुगार यांवर प्रवचनाचा सूर लागतो. शिकलेल्या मोजक्या लोकांनी समाजाचे नेतृत्व करावे, हा त्यांचा तेव्हाचा आग्रह अनेकांना अभिजनवादी वाटतो. नंतर त्यांनी स्वतःच आपले विचार बदलले आणि आर्थिक शोषणावर अधिक भर दिला. आयुष्याच्या अखेरीस ते कम्युनिस्ट पक्षात गेले. सोव्हिएत राजवटीविषयी त्यांनी दाखवलेला उदारपणाही वादाचा विषय आहे.

श्रेय मिळायला इतका उशीर का झाला?

अमेरिकी समाजशास्त्राची सुरुवात दीर्घकाळ शिकागो विद्यापीठापासून, म्हणजे १९२० च्या आसपासपासून सांगितली गेली. अ‍ॅटलांटातील काम त्याच्या बरेच आधीचे. पण ते कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात, कृष्णवर्णीय प्राध्यापकाने केलेले होते. समाजशास्त्रज्ञ अल्डन मॉरिस यांनी २०१५ मध्ये ‘द स्कॉलर डिनाइड’ या पुस्तकात या दुर्लक्षाचा हिशेब मांडला. त्याआधी, २०१२ मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने डुबॉइस यांना मरणोत्तर मानद प्राध्यापकपद दिले. १८९७ मध्ये न मिळालेली जागा ११५ वर्षांनी मिळाली.

आज त्यांच्या पद्धतीचे महत्त्व काय?

सरासरी आकडा अर्धीच गोष्ट सांगतो, हा त्यांच्या कामाचा सर्वांत उपयोगी धडा. मृत्युदर संपूर्ण समाजाचा पाहिला, तर दोष वंशाचा वाटतो. तोच वॉर्डनिहाय पाहिला, की नळ, गटार, खोली आणि मजुरी दिसू लागते. भारतातील आगामी जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. कोणत्या जातीत किती माणसे, हे त्यातून कळेल. डुबॉइस यांची प्रश्नावली त्यापुढे जाई : ती माणसे कोणत्या गल्लीत राहतात, घरात पाणी येते का, काम कोणते मिळते आणि कोणते नाकारले जाते.

त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. बिनचूक आकडे हाती असूनही सॅम होजचा जीव वाचला नाही आणि अलाबामाचा अहवाल छापला गेला नाही. म्हणूनच पुढील अर्धशतक डुबॉइस यांनी आकडे मांडण्याबरोबर ते ऐकून घ्यायला लावण्यासाठीही संघर्ष केला.